घोडं कुठे पेंड खातं? यीस्टवर पेशीविभाजनाची जनुकं अभ्यासणाऱ्या नवशिक्यांसाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला यीस्ट मिळालं की बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला कर्करोगाच्या पेशी, आणि आपल्या नशिबी पावात घालायची पावडर. माझाही पडला होता. पण पेशीने कधी विभागायचं हे कुठली जनुकं ठरवतात, त्याचा मोठा धागा याच पावडरीतून हाती आला. भांडवल काय, तर सूक्ष्मदर्शक, दोन तापमानं आणि भरपूर डोळेफोड. ते काम पहिल्यांदाच करायला बसलेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी वाण्याकडचं पाकीट फोडा

लॅबमधला स्ट्रेन (यीस्टचा ठरावीक वाण) हातात यायच्या आधी हे एकदा कराच. कोमट पाण्यात थोडी साखर, त्यात चिमूटभर इन्स्टंट यीस्ट, आणि दोन तास थांबा. एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, आणि ४० च्या लेन्सखाली बघा. काही पेशी नुसत्याच लंबगोल दिसतील. काहींना कडेला बारीकशी पुटकुळी आलेली असेल. आणि काही अगदी दोन दाण्यांच्या शेंगदाण्याच्या शेंगेसारख्या, मध्ये कंबर बारीक.

शाळेत ‘कलिकायन’ म्हणून चित्र काढलं होतं ना, तेच हे. फरक एवढाच की आता ती कळी तुमचं घड्याळ आहे. कळी नाही, म्हणजे पेशी अजून विभाजनाच्या वाटेला लागलेली नाही. पेशी डीएनएची नक्कल करायला घेते त्याच सुमाराला कळी डोकावते, मग वाढत जाते. शेंगेचा आकार आला की केंद्रक कंबरेपाशी येतं, ताणलं जातं आणि अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं. म्हणजे कळीचा आकार बघून पेशी चक्रात कुठवर आली ते सांगता येतं, रंग नको की महागडं यंत्र नको. माणसाच्या पेशीकडे नुसतं बघून हे कळत नाही.

मग त्यांना अडवायचं कसं?

जनुकाचं काम कळायला ते बिघडवून बघावं लागतं. पण विभाजनाची बरीच जनुकं अशी की ती काढून टाकली तर पेशीच मरते, आणि मग अभ्यासाला काही उरतच नाही. या यीस्टच्या साधारण ६००० जनुकांपैकी हजारेक जनुकं अशी जिवावरची आहेत.

लेलँड हार्टवेल यांनी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीला यावर तोडगा वापरला तो तापमानाचा. त्यांनी असे म्युटंट (एखाद्या जनुकात बिघाड असलेले यीस्ट) गोळा केले, की जे २३ अंशांना व्यवस्थित वाढतात आणि ३६ अंशांना ज्यांचं एखादं प्रथिन निकामी होतं. त्यांच्याकडे शिकणाऱ्या ब्रायन रीड या विद्यार्थ्याने या पेशींचे ठरावीक अंतराने फोटो काढले आणि चित्र उलगडलं. १९७३ पर्यंत असे १४८ म्युटंट ३२ जनुकांमध्ये बसवून झाले होते. ‘सेल डिव्हिजन सायकल’ या नावावरून जनुकांना सीडीसी आणि पुढे क्रमांक, अशी नावं पडली.

या सगळ्याचं मर्म मला लोकलमुळे कळलं. समजा दादरला सिग्नल बिघडला. गाडी विरारहून निघालेली असो की अंधेरीहून, चर्चगेटकडे जाणारी प्रत्येक गाडी दादरच्या अलीकडे येऊन थांबणार. जी आधीच दादर ओलांडून गेली ती ही फेरी पूर्ण करणार आणि पुढच्या फेरीत तिथेच अडकणार. आता समजा, सिग्नल नाही, ओव्हरहेड वायरचा पुरवठाच गेला. मग गाड्या जिथल्या तिथे उभ्या, कुठलीही कुठेही.

पेशींचंही तसंच. तापमान वाढवल्यावर सगळ्या पेशी एकाच आकारात येऊन थांबल्या, तर तुमचं जनुक विभाजनाच्या विशिष्ट टप्प्याचं. निरनिराळ्या आकारांत थांबल्या, तर बिघाड बहुधा सगळीकडे लागणाऱ्या कशात तरी, जसं की प्रथिनं बनवण्यात किंवा ऊर्जेत. म्हणून ‘३६ अंशांना वाढत नाही’ हे अर्धंच उत्तर. घोडं नेमकं कुठे पेंड खातं, ते बघायचं.

कुठलं यीस्ट, आणि कुठून आणायचं

दोन आहेत. एक हे कळीवालं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दुसरं शिझोसॅकरोमायसिस पोम्बे. पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमधून वेगळं केलेलं, आणि पोम्बे हा स्वाहिलीत बिअरचाच शब्द. ते कळी काढत नाही. दांडक्यासारखं लांब होतं आणि मध्ये भिंत घालून दोन तुकडे होतात. तिथे घड्याळ म्हणजे लांबी. विभाजन अडलं तर पेशी नुसती लांबतच जाते. वेळेआधी उरकलं तर आखूड राहते. पॉल नर्स यांना एडिंबरोत असे आखूड म्युटंट सापडले आणि त्यांनी नाव दिलं ‘वी’, तिकडच्या बोलीत ‘चिमुकलं’.

त्याच शोधातला एक म्युटंट जवळजवळ हातचा गेला होता. प्लेटवर बुरशी चढली म्हणून नर्स यांनी ती कचऱ्यात टाकली, घरी गेल्यावर चुटपुट लागली, परत येऊन ती उचलली. तो म्युटंट निघाला सीडीसी२ या जनुकातला. हे जनुक विभाजनाचं मुख्य बटण आहे, हे त्यातून पुढे आलं. (याचा अर्थ बुरशी आलेली प्रत्येक प्लेट जपून ठेवा असा नाही. आमच्या फ्रिजमध्ये असा एक संग्रहालयाचा कप्पा होता.)

पहिल्याच खेपेला माझं मत कळीवाल्याला. ३० अंशांना ते दीड तासात दुप्पट होतं, पोम्बेला दोन-सव्वादोन तास लागतात. आणि कॉलेजच्या जुन्या सूक्ष्मदर्शकातही कळी दिसते.

साधे स्ट्रेन पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगढच्या एमटीसीसीमधून मागवता येतात. ठरावीक म्युटंट हवा असेल तर जर्मनीतलं युरोस्कार्फ आहे, पोम्बेसाठी जपानचा राष्ट्रीय संग्रह आहे. पण परदेशातून मागवायचं म्हणजे कागदपत्रं आली. आधी यीस्टवर काम करणाऱ्या जवळच्या लॅबला मेल टाका; बहुतेक जण फिल्टर पेपरवर थेंब सुकवून पाकिटातून पाठवतात. मागताना एक विसरू नका: म्युटंट ज्या स्ट्रेनमध्ये बनवला, तोच मूळचा धडधाकट स्ट्रेनही मागा. दुसराच कुठला तरी ‘नॉर्मल’ शेजारी ठेवून केलेली तुलना परीक्षक पहिल्या मिनिटात उडवतात.

नावांचा घोळ

इथे प्रत्येक जण एकदा तरी आपटतो. दोन्ही यीस्टमधल्या म्युटंटना आपापल्या क्रमाने नंबर मिळाले, त्यामुळे नंबर सारखा म्हणजे जनुक तेच, असं अजिबात नाही. पोम्बेच्या सीडीसी२ चा जोडीदार सेरेव्हिसीत सीडीसी२८ आहे. सेरेव्हिसीचं सीडीसी२ हे डीएनएची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेजचं जनुक. पोम्बेत सीडीसी१३ म्हणजे सायक्लिन (विभाजनाचं चक्र पुढे ढकलणारं प्रथिन), सेरेव्हिसीत सीडीसी१३ रंगसूत्राच्या टोकांची राखण करतं. पोम्बेचं सीडीसी२५ विभाजनाचा ब्रेक सोडवतं, सेरेव्हिसीचं सीडीसी२५ पेशीला बाहेरच्या साखरेचा निरोप पोचवणाऱ्या साखळीत बसतं. पेपर वाचताना आधी यीस्ट कुठलं ते बघा, मग जनुक.

शिवाय सेरेव्हिसीत मोठ्या रोमन अक्षरांतलं नाव म्हणजे धडधाकट जनुक आणि छोट्या अक्षरांतलं म्हणजे बिघडलेलं. देवनागरीत हा फरक दाखवायची सोय नाही, म्हणून वहीत मी ‘बि’ आणि ‘ध’ लिहायचे. हसायचं त्याने हसावं.

आपला मे महिना आणि त्यांचं ‘रूम टेंपरेचर’

परदेशी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, प्लेटा रूम टेंपरेचरला ठेवा. त्यांचं रूम टेंपरेचर २२-२३ अंश. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीतलं टेबलच ३४-३५ ला जातं, म्हणजे तुमचा म्युटंट टेबलावरच अडकायला लागतो. शनिवारी टेबलावर ठेवून गेलेल्या प्लेटा सोमवारी एकतर कोऱ्या दिसतात, नाहीतर त्यांवर चार गुबगुबीत कॉलनी. त्या चार जास्त धोकादायक. त्या बहुधा उष्णता सोसायला शिकलेल्या, म्हणजे म्युटेशन उलटलेल्या किंवा दुसऱ्या म्युटेशनने झाकलेल्या पेशी असतात. अजाणता तीच कॉलनी पुढे वाढवलीत तर सहा महिने तुम्ही भलत्याच स्ट्रेनवर काम करणार.

म्हणून २३ अंशांसाठी थंडही करणारा बीओडी इनक्युबेटर हवा. नुसता गरम करणारा चालत नाही. आणि स्ट्रेन आल्या दिवशीच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला साठवून टाका, दर दोन-तीन आठवड्यांनी तिथूनच नवी प्लेट काढा. फ्रिजमधल्या प्लेटवरून प्लेट, तिच्यावरून आणखी प्लेट, हे करू नका.

यंत्रावरच्या आकड्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या तीन प्रयोगांत म्युटंट ३६ ला आरामात वाढला. मार्गदर्शकांना वाटलं स्ट्रेन चुकीचा, मला वाटलं मी चुकीची. शेवटी साधा काचेचा थर्मामीटर पाण्याच्या फ्लास्कमध्ये घालून शेकरमध्ये ठेवला, तर पारा ३३ च्या खाली. पडद्यावर मात्र ठळक ३६.

ठिपक्यांची चाचणी

पहिला प्रयोग सोपा घ्या. खाद्य वायपीडी: लिटरमागे १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २० ग्रॅम पेप्टोन, २० ग्रॅम ग्लुकोज, प्लेटांसाठी वर २० ग्रॅम अगार. ग्लुकोज वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा, म्हणजे माध्यम करपल्यासारखं काळपट होत नाही.

धडधाकट आणि म्युटंट दोन्ही रात्रभर २३ ला वाढवा. सकाळी दोघांची ओडी (कल्चर किती गढूळ आहे त्याचं माप) ६०० नॅनोमीटरला सारखी करून घ्या. ओडी १ म्हणजे मिलिलिटरमागे ढोबळमानाने एक ते तीन कोटी पेशी. मग दहापट, शंभरपट, हजारपट, दहा हजारपट पातळ करत जा आणि प्रत्येकाचा ५ मायक्रोलिटरचा ठिपका तीन प्लेटांवर सारख्याच क्रमाने द्या. एक २३ ला, एक ३० ला, एक ३६ ला. प्लेटा आदल्या दिवशी ओतून सुकवलेल्या हव्यात, नाहीतर ठिपके एकमेकांत वाहतात. ३६ ची दोन दिवसांनी बघा, २३ ची तीन-चार दिवसांनी. यातून एवढंच कळतं की म्युटंट खरोखर तापमानाला हळवा आहे.

खरा प्रयोग: तापमान वाढवा आणि मोजा

याला पूर्ण दिवस ठेवा, डबा घेऊन या.

आदल्या संध्याकाळी २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर वायपीडी घेऊन २३ ला कल्चर लावा, इतकं पातळ की सकाळी ओडी ०.२ च्या आसपास मिळेल. २३ ला दुप्पट व्हायला अडीच-तीन तास धरा आणि उलटं गणित करा. ओडी १ च्या वर गेलेलं कल्चर घेऊ नका. खाद्य संपत आलं की धडधाकट पेशीही कळी न काढता थांबतात, आणि तुम्हाला वाटतं जनुकाचा परिणाम दिसला.

सकाळी कल्चरचे दोन भाग करा. एक २३ ला राहू द्या. दुसरा ३६ च्या पाण्याच्या शेकरमध्ये. हवेच्या शेकरमध्ये फ्लास्क तापायला फार वेळ लागतो, पाणी बरं. धडधाकट स्ट्रेनचेही असेच दोन फ्लास्क. लगेच शून्य वेळेचा नमुना घ्या आणि मग दर अर्ध्या तासाला, चार तासांपर्यंत. नमुना म्हणजे ९०० मायक्रोलिटर कल्चरमध्ये १०० मायक्रोलिटर ३७ टक्क्यांचं फॉर्मॅल्डिहाइड. हे फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर बहादुरी दाखवायची गरज नाही.

आता मोजणी. पेशी चिकटलेल्या असतील तर सोनिकेटरचा काही सेकंदांचा हलका झटका द्या, नाहीतर दोन शेजारणी तुम्ही एक शेंग म्हणून मोजाल. प्रत्येक नमुन्यातल्या २०० पेशी तीन रकान्यांत: कळी नाही, छोटी कळी, मोठी कळी. छोटी-मोठी कशाला म्हणायचं ते आधीच ठरवा. मी कळी आईच्या निम्म्याहून कमी असली तर छोटी धरायचे. जमलं तर नळ्यांवरची नावं मैत्रिणीकडून झाकून घ्या. आपल्याला हवं ते दिसतं हो, मलाही दिसलं होतं.

२३ च्या फ्लास्कमध्ये तिन्ही रकान्यांत बऱ्यापैकी पेशी सापडतील. ३६ च्या म्युटंटमध्ये मात्र दर नमुन्यागणिक एक रकाना फुगत जातो. सीडीसी२८ चा म्युटंट असेल तर तीन-चार तासांनी बहुतांश पेशी कळीविना, पण फुगलेल्या. पेशी विभागत नाही म्हणजे वाढायची थांबत नाही, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. सीडीसी१५ असेल तर शेंगाच शेंगा. सीडीसी४ असेल तर एकाच पेशीला दोन-तीन लांबुळक्या कळ्या.

तापमान वाढवताना जी पेशी त्या सिग्नलच्या पुढे निघून गेलेली होती, तिची लोकलसारखी एक फेरी पूर्ण होते. म्हणून पहिल्या तासात कल्चर नेहमीसारखं वाढताना दिसेल. घाबरू नका आणि प्रयोग तिथे तोडू नका.

केंद्रक बघितल्याशिवाय निष्कर्ष नाही

शेंग दिसली म्हणून झालं नाही. सीडीसी७, सीडीसी१३ आणि सीडीसी१५ तिघंही शेंगेच्याच आकारात थांबतात. वेगळा नमुना ७० टक्के इथेनॉलमध्ये घ्या, धुवा, डॅपीने (डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग) रंगवा आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सीडीसी१५ मध्ये निळे गोळे दोन, दोन टोकांना. सीडीसी७ आणि सीडीसी१३ मध्ये एकच गोळा, कंबरेपाशी. (भोवतीचे बारीक निळे ठिपके मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे, ते मोजायचे नाहीत.)

मग हे दोघं वेगळे कसे करायचे? डीएनए किती आहे ते बघून. सीडीसी७ मध्ये नक्कल सुरूच झालेली नसते, सीडीसी१३ मध्ये ती बहुतांशी झालेली असते. त्याला फ्लो सायटोमीटर लागतो. तुमच्याकडे नसेल तर जवळच्या संस्थेत ठरावीक शुल्क भरून नमुने चालवून मिळतात. सीडीसी१३ ची गंमत अशी की पेशी तिथे स्वतःहून थांबते. रंगसूत्रांची टोकं उसवलेली कळली की रॅड९ हे जनुक लाल झेंडा दाखवतं. रॅड९ काढून टाकलं तर तीच पेशी बिघाडासकट पुढे रेटत जाते आणि मरते. म्हणजे काही थांबे यंत्र मोडल्याचे, काही पहारेकऱ्याने अडवल्याचे. आकार एकच.

दोन म्युटंट एकाच जनुकाचे का?

यीस्टचे दोन लिंग-प्रकार असतात, ए आणि अल्फा. एक म्युटंट ए मध्ये, दुसरा अल्फा मध्ये हवा. २३ ला वायपीडीवर दोघांच्या रेघा एकमेकींवर ओढा, रात्रभर ठेवा, मग दोघांच्या वेगवेगळ्या पोषणाच्या उणिवा वापरून फक्त जोड पेशीच वाढतील अशा माध्यमावर न्या. त्या ३६ ला वाढल्या तर दोन जनुकं वेगळी, एकाची उणीव दुसऱ्याने भरली. नाही वाढल्या तर बहुधा एकच. पण आधी प्रत्येकाचा संकर धडधाकटाशी करून बघा. तिथेही जोड पेशी ३६ ला अडकत असेल तर तुमचं म्युटेशन वरचढ आहे आणि ही चाचणी त्याला लागूच नाही.

जनुक पकडणं

अनोळखी म्युटंट असेल तर शेवटी प्लास्मिडांचा (पेशीत सोडता येणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यांचा) संग्रह वापरायचा. धडधाकट यीस्टच्या डीएनएचे तुकडे प्लास्मिडमध्ये घालून ते म्युटंटमध्ये सोडायचे. जो तुकडा त्याला ३६ ला वाढवेल, त्यात आपलं जनुक. पद्धत लिथियम अॅसिटेट आणि पीईजीची. सोबतचा वाहक डीएनए उकळून लगेच बर्फात. ४२ अंशांचा झटका मात्र हळव्या म्युटंटला बेताने, नेहमीपेक्षा कमी वेळ. प्लेटा आधी एक दिवस २३ ला ठेवा, मग ३६ ला हलवा. रिकामं प्लास्मिड घातलेली प्लेट शेजारी हवीच, कारण त्यावरही दोन-चार कॉलनी येतील आणि त्या उलटलेल्या असतील.

हीच युक्ती माणसापर्यंत गेली. १९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी पोम्बेच्या सीडीसी२ म्युटंटमध्ये माणसाच्या जनुकांचा संग्रह सोडला आणि एका मानवी तुकड्याने तो यीस्ट वाचवला. हार्टवेल, नर्स आणि सायक्लिन शोधणारे टिम हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं.

वाचवणारा तुकडा मिळाला की पेढे वाटायच्या आधी दोन गोष्टी. एक, कॉलनी ५-एफओए हे रसायन घातलेल्या प्लेटवर न्या. तिथे युरा३ (प्लास्मिडवर खूण म्हणून बसवलेलं जनुक) वालं प्लास्मिड टाकून दिलेल्या पेशीच जगतात. त्या पेशी पुन्हा ३६ ला अडकल्या तर वाचवणारं प्लास्मिडच होतं. तरीही वाढल्या तर ती उलटलेली कॉलनी, सोडून द्या. दोन, प्लास्मिड कुठलं ते बघा. पेशीत एक-दोनच प्रती ठेवणारं असेल तर सापडलेलं जनुक बहुधा तेच. डझनांनी प्रती करणारं असेल तर दुसरंच कुठलं जनुक नुसत्या संख्याबळावर उणीव झाकत असू शकतं. तेही वाया जात नाही. सीएलएन१ आणि सीएलएन२ ही सायक्लिनं १९८९ मध्ये सीडीसी२८ च्या म्युटंटमध्ये अशीच सापडली. फक्त प्रबंधात ‘जनुक सापडलं’ लिहायच्या आधी तुकडा सिक्वेन्सिंगला पाठवा, आणि म्युटंटमधलं तेच जनुकही.